मा. अध्यक्ष साहेब यांस

मार्च आला की आमच्या इमारतीचा जिना बोलायला लागतो. घरात टीव्ही चालू, बाहेर ऊन, म्हणून मुलं पाठांतराला जिन्यावर येऊन बसतात. तळमजल्यावरची सायली यंदा नववीत आहे. तिसऱ्या पायरीवर बसून, डोळे मिटून, मान हलवत ती घोकत असते आणि मी पहिल्या मजल्यावर दार किलकिलं ठेवून ऐकत असते. पस्तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या एकट्या बाईला एवढी चोरी माफ असावी.

परवा तिनं 'माझा आवडता नेता' हा निबंध घेतला होता. नेता म्हणजे अमेरिकेचा तो उंच, दाढीवाला अध्यक्ष. लाकडी खोपटात जन्मला, देशात यादवी युद्ध पेटलं तेव्हा देश फुटू दिला नाही, गुलामांना मुक्त केलं, आणि युद्ध संपतंय न संपतंय तोच नाटक बघताना गोळी लागून गेला. सगळं बरोबर चाललं होतं. मग ती म्हणाली, "पहाऱ्यावर झोपलेल्या शिपायाची चूक त्यांनी मोठ्या मनाने माफ केली." मी दार लावून घेतलं आणि विनाकारण गॅसजवळ जाऊन उभी राहिले.

त्या अध्यक्षाचं नाव मी इथे लिहीत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे, आणि आमच्या घरात ते कधी उच्चारलंही गेलं नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याला 'तुझा अध्यक्ष' म्हणायचे. तुझा चुलता म्हणावं तसं. मला तो माणूस आजही त्याच नात्यानं आठवतो.

मी आता राहते ती गंगापूर रोडची ही इमारत जिथे आहे, तिथे तेव्हा द्राक्षांचा मळा होता. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मार्चमध्ये या रस्त्यानं सायकलवरून जाताना पिकलेल्या द्राक्षांचा आंबूस-गोड वास यायचा, आणि पुढे सातपूरकडे वळलं की तो जाऊन तापलेल्या लोखंडाचा आणि ऑइलचा वास लागायचा. आमची कॉलनी या दोन वासांच्या मधे होती. सिमेंटच्या पत्र्यांची घरं, एक नळ, एक विहार, आणि एप्रिलमधल्या जयंतीची मार्चपासूनच सुरू झालेली निळी धावपळ. बहुतेक घरं आमच्यासारखीच, खेड्यातून कारखान्यांच्या मागे आलेली. अण्णा एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. आई मी सातवीत असताना गेली. घरात आम्ही दोघंच.

अण्णा चौथीपर्यंत शिकलेले. वाचता यायचं, पण ओळ संपेपर्यंत डोळे दमायचे. म्हणून ड्युटीवरून आले, हातपाय धुतले, चहाची बशी हातात घेतली की म्हणायचे, "वाच." मी पेपर उघडायची. मधूनच एखादी बातमी वाचलेली त्यांना चालायची नाही. "तारखेपासून वाच," म्हणायचे. मग पेपरचं नाव, वार, तारीख, पानं किती, किंमत किती, सगळं म्हणून झाल्यावर मगच जगात काय घडलं ते. मी वैतागायची. तारीख काय, कॅलेंडरवर दिसतेच की. अण्णा म्हणायचे, "कवाचं हाय ते कळल्याबिगर काय झालं ते कळत नाय." पुढे इतिहासात दोन पदव्या घेतल्या, पण याहून शहाणं वाक्य कुणा प्राध्यापकाच्या तोंडून ऐकलं नाही.

त्या मार्चमध्ये मी दहावीला होते. इतिहासाच्या बाईंना तो अध्यक्ष फार प्रिय. पुस्तकात त्याच्यावर दीडच पान होतं, पण बाईंनी तीन तास घेतले. यादवी म्हणजे काय, तर घरातल्या घरात लढाई, एक भाऊ या बाजूला आणि एक त्या. त्याचे फोटो बाईंनी कुठून तरी मिळवून आणले होते. युद्धाआधीचा आणि चार वर्षांनंतरचा. मधे चाळीस वर्षं गेली असावीत असा चेहरा ओढला होता. बाई म्हणाल्या, तो तारेच्या कचेरीत तासन्‌तास बसून असायचा, कुठे किती माणसं पडली त्याची वाट बघत. सगळ्यांत शेवटी त्यांनी शिपायाची गोष्ट सांगितली. एक तरुण शिपाई पहाऱ्यावर झोपला. युद्धात त्याला शिक्षा एकच, गोळी. पण आदल्या रात्री तो आजारी मित्राच्या जागी पहाऱ्याला उभा राहिला होता, म्हणून सलग दुसऱ्या रात्री त्याचा डोळा लागला. सेनापती म्हणत होते, असं माफ करत गेलात तर शिस्त राहायची नाही. अध्यक्षानं ऐकलं नाही. त्याला माफी दिली.

पुढे मी बरीच पुस्तकं चाळली. ती गोष्ट नेमकी तशीच घडली का, याबद्दल जाणकारांचं एकमत नाही. पण त्या दिवशी वर्गात माझ्या अंगावर काटा आला, त्याचं कारण गोष्ट खरी वाटली एवढंच नव्हतं. अण्णा आठ दिवसांपासून घरी बसून होते, आणि कारण तेच होतं.

अण्णांच्या जोडीला गेटवर खंडूकाका असायचे. त्यांची बायको बाळंतपणासाठी सिव्हिलमध्ये अडली, म्हणून अण्णांनी आपली पाळी संपवून त्यांची पाळीही केली. सोळा तास उभं. त्या गेटवर वॉचमनला बसायला स्टूल नव्हतं. बसला की झोपतो, असा वरच्या साहेबांचा हिशोब. दुपारी, भिंतीला टेकलेल्या अवस्थेत, उभ्या उभ्या अण्णांचा डोळा लागला, आणि नेमकी तेव्हाच साहेबांची गाडी आली. हॉर्न दोनदा वाजवावा लागला. संध्याकाळी हातात कागद: सस्पेंड, चौकशी होईल.

त्या दिवसांत अण्णा भाकऱ्या करायचे, नळावरून पाणी आणायचे, आणि मी अभ्यास करताना दारात पाठमोरे बसून राहायचे. एकदा मी मोठ्यानं म्हणत होते, 'गुलामांना स्वातंत्र्य दिले.' ते न वळता म्हणाले, "त्या गुलामांची चूक काय व्हती गं?"

"चूक काहीच नव्हती, अण्णा."

"मग दिलं कशापायी म्हनायचं? त्यांचंच व्हतं. परत केलं म्हन."

"पुस्तकात दिले असंच आहे."

"बरं मग. पुस्तकात हाय तसंच लिही, मार्क जायला नको," म्हणाले आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसले.

त्यांनी चौकशीसाठी खुलासा लिहून दिला होता हे मला माहीत नव्हतं. एक एक अक्षर जुळवत स्वतःच लिहिला होता. माझी परीक्षा म्हणून त्यांनी मला सांगितलं नाही, आणि त्यांना त्रास नको म्हणून मी विचारलं नाही. दोन माणसांच्या घरात इतकी काळजी घातकच.

आणि मला अध्यक्ष माहीत होते. आमच्याकडे अध्यक्षांना तोटा नव्हता. जयंती मंडळाला अध्यक्ष होते, भिशीला अध्यक्ष होते, शाळेच्या संस्थेला तर सव्वीस जानेवारीला गाडीतून उतरणारे अध्यक्ष होते. अण्णांना आलेल्या कागदावर कारखान्याच्या नावाखाली बारीक अक्षरात छापलं होतं, 'अध्यक्ष', आणि पुढे मुंबईचा पत्ता. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अध्यक्ष म्हणजे जो सेनापतींचं ऐकत नाही आणि माफी देतो तो. गेटवरचे साहेब हे नुसते सेनापती. वर अध्यक्ष बसले आहेत, त्यांच्यापर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही.

मराठीच्या पेपराला विनंतिपत्र असायचंच. डावीकडे समास, उजवीकडे दिनांक, खाली आपली नम्र. माझं अक्षर वर्गात पहिलं होतं. मी लिहिलं: मा. अध्यक्ष साहेब यांस, सा. न. वि. वि. माझे वडील आपल्या कारखान्यात वॉचमन आहेत. ते पहाऱ्यावर झोपले ही त्यांची चूक झाली. अमेरिकेच्या अध्यक्षांनी अशाच एका शिपायाला माफ केले होते. तरी आपण मोठ्या मनाने त्यांची चूक पदरात घ्यावी, ही नम्र विनंती. पोस्टाच्या पेटीत पाकीट पडल्याचा टपकन आवाज आला तेव्हा मला वाटलं, झालं, आता अण्णा सुटले.

पत्र मुंबईला गेलं आणि मुंबईहून परत सातपूरला, कारखान्यातल्या साहेबांकडे आलं. माझा पहिला पेपर चार दिवसांवर होता. शाळेतून सराव करून घरी आले तर खंडूकाका उंबऱ्यावर बसले होते आणि अण्णा मोरीत हात धूत होते. उगाच, पुन्हा पुन्हा.

"तू चिठ्ठी लिहिलीस व्हय गं?" खंडूकाकांनी विचारलं. मी मान हलवली. मला वाटलं शाबासकी आहे.

ते हळू आवाजात सांगू लागले. चौकशी चालू होती. अण्णांनी खुलाशात लिहिलं होतं, डोळा लागला हे खरं. सोळा तास उभा होतो, बदली माणूस आला नाही, गेटवर स्टूल नाही, यात माझी चूक नाही. पाची वॉचमन अण्णांच्या बाजूनं बोलायला तयार झाले होते. स्टूल आणि वेळेवर बदली, एवढंच त्यांना हवं होतं. साहेबही जरा नरमले होते. "आन मग साह्यबांनी खणातून तुझी चिठ्ठी काढली. सगळ्यांम्होरं वाचून दाखिवली. म्हनले, तुमच्याच लेकीनं चूक कबूल केली, आता चौकशी कसली करायची? पायजे तर तिलाच बोलावू साक्षीला."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. हे म्हनले, तिची परीक्षा हाय, तिला बोलावू नका. आन माफीनाम्यावर सही केली. उद्यापासनं ड्युटीवर घेतलंय."

अण्णा मोरीतून बाहेर आले. टॉवेलनं हात पुसले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, काही तरी बोलतील म्हणून. रागावले असते तर फार बरं झालं असतं. ते म्हणाले, "भाकर झाकून ठेवलीय, जेवून घे."

दुसऱ्या दिवशी ते ड्युटीवर गेले. संध्याकाळी आले, हातपाय धुतले, मी चहा दिला आणि पेपर घेऊन बसले. अण्णांनी हात पुढे केला. मला वाटलं बशी ठेवायला. त्यांनी माझ्या हातातला पेपर घेतला, भिंतीला टेकून बसले, आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. बोट अगदी हळूहळू सरकत होतं. तारीख संपायलाच कितीतरी वेळ लागला.

त्यानंतर ते मला कधीही 'वाच' म्हणाले नाहीत.

अबोला नव्हता तो. अबोला असता तर मी तोडला असता, मला येतो तोडायला. बोलायचे, जेवलीस का विचारायचे, माझ्या परीक्षा केंद्रापर्यंत सायकलवर डबल सीट सोडायला यायचे. फक्त शब्द माझ्या हाती द्यायचे त्यांनी थांबवलं. बाहेर कुणाला काही दिसलं नसतं; आमची यादवी अशी बिनआवाजाची होती. त्या वयात मला कुणाशी बोलायचं तर अण्णांशीच, आणि बोलायचं ते नेमकं त्यांच्याबद्दलच. सांगू कुणाला? विहाराच्या ओट्यावर बसून मी निळ्या पताका दोऱ्याला चिकटवणाऱ्या बायकांना मदत करायची आणि वाटायचं, यांच्यातली एक जरी 'काय झालं गं' म्हणाली तर सांगून टाकेन. कुणी विचारलं नाही.

इतिहासाच्या पेपरात तो आला. टीप लिहा, पाच गुण. बाईंनी सांगितलेलं सगळं मला तोंडपाठ होतं, तारेची कचेरी आणि ओढलेला चेहरासुद्धा. मी प्रश्नाचा क्रमांक घातला, समास पाहिला आणि पुढची जागा कोरी सोडली. बाहेर फाटकाशी अण्णा उभे होते. "कसा गेला?"

"एक सोडला."

"येत नव्हता?"

"येत होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सायकलचं स्टँड पायानं वर केलं आणि म्हणाले, "बस." येताना मळ्याच्या कडेला एक बाई टोपली घेऊन बसली होती, तिच्याकडून द्राक्षं घेतली. द्राक्षं चांगली होती, हेही मला आठवतं.

पुढे मी इतिहासच घेतला. शिक्षिका झाले. दर वर्षी हा धडा शिकवला आणि दर वर्षी माझं त्या अध्यक्षाशी भांडण झालं. कधी वाटायचं, आधी देश राखण्याचं बोलत राहिला, गुलामांच्या मुक्तीला इतका उशीर का केला? कधी वाटायचं, एका शिपायासाठी इतकं हळहळणाऱ्या माणसानं लाखो शिपाई मरताना बघून रात्री कशा काढल्या असतील? जिंकत आल्यावरही हरणाऱ्यांविषयी मनात आकस ठेवू नका असं तो म्हणाला, हे मला सगळ्यांत मोठं वाटतं. हरणाऱ्यानं मोठं मन दाखवलं तर त्याला नाइलाज म्हणतात; जिंकणाऱ्याचं खरं. पण मुलांना एक गोष्ट मी कधी सांगितली नाही, शिपायाची. ती मी गाळायची. आणि परीक्षेच्या हॉलवर पर्यवेक्षक म्हणून असले की तीन तास उभी राहायची. शाळेचा शिपाई खुर्ची आणून ठेवायचा, मी ती भिंतीकडे सरकवून द्यायची. बाई शिस्तीच्या आहेत, असं सगळे म्हणत.

ऐंशीचं दशक सरताना अण्णा निवृत्त झाले. त्या गेटवर स्टूल तोवर आलेलं नव्हतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, एका डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं नाही, पेपर वाचणं सुटलं. मला मनातून, सांगायला लाज वाटते, आनंद झाला. आता तरी म्हणतील, वाच. मी मुद्दाम त्यांच्याजवळ बसून पेपराची घडी आवाज करत उलगडायची. अण्णांनी बातम्यांसाठी रेडिओ लावला.

असाच मार्च होता. मी उत्तरपत्रिका तपासत होते आणि ते खाटेवर रेडिओ पोटाशी घेऊन पडले होते. एकदम म्हणाले, "तुझा अध्यक्ष अजून शिकिवतीस का?"

"शिकवते की."

"आन तो झोपलेला शिपाई?"

त्यांना ती गोष्ट ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं. मग लक्षात आलं, माझ्या चिठ्ठीत होती. सगळ्यांसमोर वाचली गेली होती. "त्याचं नाही सांगत," मी म्हणाले.

"सांगावं. फकस्त आधी किती तास उभा व्हता ते सांगावं, मग बाकीचं." मग म्हणाले, "अक्षर लय चांगलं व्हतं तुझं. साह्यबसुदिक म्हनला."

माझ्या हातातलं लाल पेन तसंच राहिलं. दहा वर्षं जे तोंडापर्यंत येऊन परत जात होतं ते मी म्हणाले, "अण्णा, मला माफ करा."

ते वळले. एका डोळ्यानं मला नीट बघायला त्यांना मान बरीच वळवावी लागायची. "तुला कशापायी? पंधरा वर्साची पोर, बापासाठी लिहिलं. चूकच नाय, तर माफी कशाची? मी त्यांस्नी तेच तर सांगत व्हतो." आणि त्यांनी रेडिओचा कान पिळला.

लोक म्हणतील, याहून जास्त काय हवं. खरं आहे. अण्णांनी मला सोडवलं, आणि कसं, तर स्वतःला जे मिळालं नाही तेच मला देऊन. पण मी खरं सांगते, मला त्या दिवशी माफी हवी होती. चूक होतीच माझी. ती त्यांनी 'झाली' म्हणायला हवी होती, दोन शब्द बोलायला हवे होते, मी रडले असते, आणि मग ते म्हणाले असते, वाच. चूक नाही म्हटल्यावर बोलायला काहीच उरलं नाही. मोकळी झाले आणि मोकळीच राहिले. पुढच्या पावसाळ्यात अण्णा गेले.

तर परवा दार लावून मी गॅसजवळ उभी होते. मग दार उघडून खाली गेले आणि सायलीच्या शेजारी पायरीवर बसले. गुडघे कुरकुरले. तिला सांगितलं, तो शिपाई आदल्या रात्रीही उभा होता, ते आधी लिही. आणि 'झोपला' नको, 'डोळा लागला' लिही. 'चूक' हा शब्द काढून टाक.

"पण आजी, बाईंनी असंच दिलंय."

"असू दे. बघ जमतंय का."

"बरं," ती म्हणाली. गुणी आहे पोर. वहीत तिनं पेन्सिलीनं खाडाखोड केली. मी वर आले, दार किलकिलं ठेवलं. थोड्या वेळानं जिन्यातून आवाज आला, "सलग दुसऱ्या रात्री उभा राहिल्याने पहाऱ्यावर डोळा लागलेल्या शिपायाला त्यांनी..." आणि ती थांबली. पुन्हा सुरुवातीपासून म्हणाली आणि पुन्हा तिथेच अडली. 'चूक' काढली की त्या वाक्याचं पुढे काय करायचं हे तिला सुचेना. मलाही कधी सुचलेलं नाही.

मी टेबलावरचा पेपर घेतला. खाटेजवळच्या खुर्चीत बसले. घरात कुणी नव्हतं, कुणी 'वाच' म्हणालंही नव्हतं. मी पेपरचं नाव, वार आणि तारीख मोठ्यानं वाचली, पानं किती ते वाचलं, किंमत वाचली, आणि मग पहिल्या बातमीला लागले.